शिलाईची ओळ, पानाची ओळ

अण्णा,

रविवारी समाजाच्या सभागृहात तुझी शोकसभा झाली. फोटोमागे फ्लेक्स होता आणि त्यावर तुझ्या नावाआधी ‘संख्यामहर्षी’ असं छापलं होतं. रोज सकाळी सहाला दाढी करणारा महर्षी मी पहिल्यांदाच पाहिला. अध्यक्षांनी सांगितलं की तू आयुष्यात लाखो भाव नोंदवलेस आणि त्यातला एकही चुकला नाही. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं, मी वहिनीकडे. तू असतास तर मागच्या खुर्चीवरून विचारलं असतंस, “हे कुठून घेतलं? पाहिल्याची तारीख काय?”

बोलणाऱ्यांच्या यादीत तिसरं नाव माझं होतं. मी माईकपर्यंत गेले, तुझ्या फोटोला नमस्कार केला आणि परत येऊन बसले. लोकांना वाटलं, प्रोफेसरबाईंना रडू आवरेना. मी तो गैरसमज दूर केला नाही. खरं कारण वेगळं होतं. त्याआधी मी माईक हातात घेतला होता तेव्हा तू समोर बसला होतास, आणि त्या माईकवर मी जे बोलले त्याची माफी मागायची राहून गेली आहे.

तू निवृत्त होऊन म्हैसूरबाहेर येलवालच्या बाजूला घर बांधलंस तेव्हा मला वाटलं, आता तुझे गुरुवार सुटले. नोकरीभर तुझा गुरुवार बाजाराचा होता. ठरलेला वार, ठरलेली दुकानं, ठरलेला माल: तांदळाची अमुकच जात, खोबरेल तेल अमुकच मापाचं, विड्याची पानं मोजून शंभर. भाव विचारायचा, लिहायचा, पुढं चालायचं. तुझ्यासारख्या गावोगावच्या माणसांनी आणलेल्या भावांवरून महागाईचा आकडा निघायचा आणि त्या आकड्यावरून कुठल्या तरी गिरणीतल्या कामगाराचा महागाई भत्ता ठरायचा. निवृत्तीनंतर कुणीही तुझी वाट बघत नव्हतं, तरी तू गुरुवारी बस पकडून देवराज मोहल्ल्यात एक फेरी मारायचास आणि मग जेवायला माझ्याकडे यायचास. जेवण झालं की माझा लॅपटॉप.

तो नाद मीच तुला लावला. मी कॉलेजात तेच शिकवत होते: इंटरनेटवर उघडी, फुकट मिळणारी आकडेवारी कशी शोधायची, कशी उतरवून घ्यायची, कशी वाचायची. मोठ्या उत्साहानं तुला म्हणाले होते, “अण्णा, सगळं उघडं आहे आता. कुठला देश, कुठलं वर्ष, काय हवं ते बघ. पैसे नाहीत, ओळखपत्र नाही, साहेबाची सही नाही.”

“फुकट का देतात?”

“लोकांचं आहे, म्हणून लोकांना देतात.”

“हौदा?” म्हणालास. म्हणजे, असं का? आपल्याकडे कन्नड येते ती बहुतेक अशा वेळी. मराठीत इतक्या सभ्यपणे अविश्वास दाखवता येत नाही. “फुकट काही नसतं गं इंदू. तुला फुकट मिळतं तेव्हा कुणीतरी तिथवर चालून आलेला असतो.”

आपल्या आजोबांचा रंगाऱ्याचा धंदा गेला, पण त्यांचा अंगठा तुझ्याकडे राहिला. रंग पक्का आहे असं गिऱ्हाइकाला सांगण्याआधी ते कापडाच्या कोपऱ्यावर ओला अंगठा घासायचे. अंगठ्याला रंग लागला की ते कापड पुन्हा हौदात. तू तसा अंगठा प्रत्येक आकड्यावर घासायचास. एखाद्या देशाची गरिबी एका वर्षात फार कमी झालेली दिसली की तू आधी तिथं निवडणूक कधी होती ते बघायचास. वर्तमानपत्रातला आलेख आभाळाला भिडला की तू म्हणायचास, “याचं खालचं टोक कुठाय? पाय कापलेत याचे.” मी तुला वाचायला शिकवलं असं मी सगळ्यांना सांगायचे. त्या सांगण्यावरही अंगठा घासायला हरकत नव्हती.

एका गुरुवारी तू दोन कागद ताटाशेजारी ठेवलेस. तेच संकेतस्थळ, तीच ओळ, तोच महिना. मधे काही आठवडे गेले होते आणि आकडा बदलला होता.

“बघ. मागचं बदललंय. कुणाला न सांगता.”

“सांगितलंय की. खाली तळटीप आहे. आधीचा आकडा तात्पुरता होता, हा सुधारित.”

“म्हणजे ज्या आकड्यावरून मी बसमध्ये अख्ख्या हुणसूर रस्त्याशी भांडलो, तो आकडाच नव्हता?”

“होता. पण तात्पुरता.”

“तात्पुरता तर मी पण आहे,” तू म्हणालास. “माझ्या खाली तळटीप आहे काय?”

तेव्हापासून तू प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं, पाहिल्याची तारीख घालू लागलास. मला तो म्हातारपणचा चाळा वाटायचा. आता मीही घालते.

मग ती कार्यशाळा. हुणसूर रस्त्यावरच्या एका कॉलेजानं मला बोलावलं होतं, विषय ‘मुक्त आकडेवारीचा वापर’. तुला मीच म्हटलं, ये, मागं बस. समई पेटवायला पाच माणसं लागली आणि काडेपेटी एकाकडेही नव्हती. मग व्यासपीठावरच्या प्रत्येकाच्या डोक्यावर जरीचा म्हैसूर पेटा बसवला, माझ्याही. असल्या थाटावर आयुष्यभर हसलेली तुझी बहीण पेटा घालून उभी आहे हे बघून तू मागच्या रांगेत तोंडावर रुमाल धरलास, ते मला दिसलं.

एका संकेतस्थळावर आता जुन्या छापील पत्रकांतले शहरवार भाव चढवलेत. मुलांना आपलं गाव पडद्यावर बघायला आवडतं, म्हणून मी म्हैसूर निवडलं. वस्तू निवडली: ब्लाउजची शिलाई. बटण दाबलं आणि पडद्यावर एक सरळ, आडवी रेष आली. सलग अकरा महिने एकच भाव. मुलं हसली.

“आकडा इतका शांत बसला असेल तर काय समजायचं?” मी विचारलं. संशय कसा घ्यायचा हे शिकवत होते मी.

पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “भाव घेणारे घरी झोपले होते, मॅम.”

आणि मी, डोक्यावर पेटा, हातात माईक, म्हणाले, “अगदी बरोबर. साहेब घरी बसून मागच्या महिन्याचं उतरवत होते.”

सभागृह हसलं. त्या वर्षांत म्हैसूरचे भाव कोण गोळा करत होतं हे तिथं दोघांनाच माहीत होतं. बोलून झाल्यावर मला ते आठवलं, असं मी स्वतःला सांगत आले आहे. पण याबद्दलही माझी खात्री नाही. कदाचित आधीच आठवलं होतं, आणि हशा जवळ दिसत होता.

तू उठून गेला नाहीस. शेवटपर्यंत बसलास, चहाबरोबरची दोन बिस्किटं खाल्लीस, येलवालची बस पकडलीस.

पुढचे पाच गुरुवार तू आला नाहीस. वहिनी फोनवर म्हणायची, “गुडघा दुखतोय म्हणतायत.” तो गुडघा बाजारात जात होता, हे मला बाजारातच कळत होतं. तो फक्त माझ्या जिन्यावर दुखत होता.

सहाव्या गुरुवारी आलास. हातात पडवळ.

“अण्णा, त्या दिवशी मी...”

“बिया काढून टाक. जून आहे जरा.”

माफी तशीच राहिली आणि तिच्याऐवजी मी तुला लाच देऊ केली. जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडला, तेच संकेतस्थळ, तेच म्हैसूर, पण वस्तू दुसरी. “ही बघ, ही पण तुझीच ओळ. विड्याची पानं, दर आठवड्याचा भाव. किती जिवंत आहे! सणाला चढते, मग उतरते, पुन्हा जराशी चढते. हिच्यावर कुणी संशय घेणार नाही.”

तू चष्मा कपाळावर सरकवलास आणि पडद्याच्या अगदी जवळ गेलास. तुझं बोट एका जागी बराच वेळ थांबलं.

“फार शहाणी आहे ही,” म्हणालास.

“म्हणजे?”

“इतकी शहाणी ओळ दिसली ना इंदू, की मला वाटतं, लिहिणाऱ्याच्या घरी कुणीतरी आजारी असणार.”

मी हसले. तुझी अशी वाक्यं मी वर्गात वापरायला जपून ठेवायचे. तू हसला नाहीस. ते मला दिसलं, आणि मी ताक आणायला उठले. त्यानंतर आपल्याला दोन गुरुवार मिळाले. तिसऱ्याच्या सकाळी वहिनीचा फोन आला.

शोकसभा संपल्यावर लोक केशरी भाताकडे वळले तेव्हा एक म्हातारा माझ्यापुढं येऊन उभा राहिला. लक्ष्मण टेलर. देवराज मोहल्ल्यातलं ते अरुंद दुकान, जिथं आईचे आणि माझेही ब्लाउज शिवायचे. त्याला सभेत कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. महर्षींबद्दल शिंप्याला काय विचारणार?

“अक्का, मला पण जरा सांगायचं होतं,” तो म्हणाला. “सार दर महिन्याला यायचे. पहिला गुरुवार. पाऊस असू दे, काय असू दे. उंबऱ्यावर उभं राहून विचारायचे, ब्लाउज शिलाई किती? मी सांगायचो, तेवढीच. लिहून घ्यायचे. आत या म्हटलं तर नाही, चहा घ्या म्हटलं तर नाही. म्हणायचे, चहा घेतला की भाव गोड लागतो.”

“दर महिन्याला तेवढीच?”

“मग? मी दसऱ्याच्या आधी एकदा वाढवतो, नोडि, बघा. वर्षभर मग तोच. मधे वाढवला तर बायका दुसरीकडे जातात. मी एकदा सारांना म्हटलं, सुम्ने कशाला चालता उन्हात, उगाच? वाढवला की मीच येऊन सांगतो. तर काय म्हणाले माहीत आहे?” त्यानं तुझ्यासारखी मान तिरकी केली. “वाढला नाही, हे पण कुणीतरी येऊन बघायला पाहिजे की रे.”

अण्णा, मी तिथं केशरी भाताची बशी घेऊन उभी राहिले. मूल्यनिर्धारणावर मी तीस वर्षं व्याख्यानं दिली आणि माझा शिंपी दर कधी वाढवतो हे मला माहीत नव्हतं. मी दसऱ्याच्या आधी ब्लाउज टाकायचे, दर वर्षी कुरकुर करायचे, आणि सरळ रेष बघून हसले. ती रेष म्हणजे तुझ्या अकरा फेऱ्या होत्या.

इथं थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. बहीण चुकली, भाऊ खरा ठरला, फ्लेक्सला शोभेल असा शेवट. पण मग मी एवढी का बेचैन होते? तू गप्प का राहिलास? “दसऱ्याला वाढतो गं भाव” एवढं एक वाक्य माझ्या तोंडावर टाकलं असतंस तर भांडण ताक वाढेपर्यंत मिटलं असतं. माणूस आपल्या बाजूचा एवढा सोपा पुरावा सोडून देतो तेव्हा मला त्याच्यावरच संशय येतो. हे मला तूच शिकवलंस.

मंगळवारी वहिनीकडे गेले. तिनं दाराशेजारच्या खुंटीवरून एक कापडी पिशवी काढून दिली. “तुझ्याकडे न्यायची म्हणून त्या गुरुवारी बाहेर काढून ठेवली होती त्यांनी. फाईल आहे. मी उघडली नाही. पेपरांत मला काय कळतंय?”

फाईलमध्ये सगळ्यात वर पानाच्या ओळीचा छापील कागद होता. कोपऱ्यात पाहिल्याची तारीख. ती कार्यशाळेच्या किती तरी आधीची होती. मी दाखवण्याआधीच तू ती ओळ शोधून काढली होतीस. सहा आठवड्यांच्या आकड्यांना पेन्सिलीचा एक कंस, आणि कंसाबाहेर एकच शब्द: ‘आई’. खाली टोमॅटोचा कागद, नारळाचा, केळ्यांचा. सगळ्यांवर तेच सहा आठवडे, तोच कंस, तोच शब्द.

ते सहा आठवडे शिलाईच्या त्या अकरा महिन्यांनंतरच्या वर्षातले; मला ते कागदाशिवाय पाठ आहेत. आई दवाखान्यात होती, शेवटची. मी माझ्या प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात होते. सकाळी डबा घेऊन यायचे, तुला खाटेशेजारच्या लोखंडी स्टुलावर बसलेला बघायचे आणि निश्चिंत होऊन कॉलेजात जायचे. “रजा काढलीय,” तू म्हणाला होतास. किती, हे मी विचारलं नाही. आकड्यांवर संशय घेऊन डॉक्टर झालेल्या बाईनं तो एकच आकडा विचारला नाही, कारण तो न विचारणं तिच्या सोयीचं होतं.

वहिनीला विचारलं, “अण्णांनी तेव्हा रजा काढली होती ना?”

“रजा?” ती म्हणाली. “कुठली गं रजा? बाबांच्या वेळीच सगळी संपली होती. दुपारी ऑफिसात जाऊन तोंड दाखवायचे, की परत दवाखाना. बाजारच तेवढा सुटला.”

मला आधी राग आला, हे लपवत नाही. जगातल्या प्रत्येक आकड्याला चौकशीला उभं करणारा तू, आणि तुझ्याच पेन्सिलीखाली हे? मग कळलं की राग उलटा धरलाय मी. तू संशयी होतास म्हणून तुला आकड्यांत खोट दिसायची, असं नव्हतं. तुला एक खोट आतून माहीत होती, म्हणून तू संशयी झालास. आईजवळ बसून, पानवाल्याचा आवाज आठवून, सणवार मोजून, तू खराच वाटेल असा भाव लिहिलास. ते तुला इतकं छान जमलं की मी त्याला जिवंत म्हटलं. शिलाईची ओळ खरी आहे असं तू मला सांगितलं असतंस, तर पानाची ओळ खोटी आहे हेही सांगावं लागलं असतं. अर्धं खरं सांगायची तुझी तयारी नव्हती, आणि पूर्ण सांगायला एक गुरुवार कमी पडला.

महागाई मोजायला वस्तूंची जी टोपली धरतात, तीत विड्याच्या पानाचं वजन ते किती? कुणाचं काही बिघडलं नसेल, असं म्हणायची सोय आहे. पण ती सोय तू घेतली नाहीस, हे फाईलच्या तळाशी असलेल्या कागदावरून कळलं. त्या संकेतस्थळावर चूक कळवायचा एक अर्ज असतो. तो छापून, तुझ्या गोल अक्षरात भरलेला. शहर: म्हैसूर. वस्तू: विड्याची पानं. आठवडे: सहाही लिहिलेले. छापलेला भाव: लिहिलेला. ‘योग्य भाव’ हा रकाना रिकामा. त्यापुढं लाल चांदणी आहे, म्हणजे तो भरल्याशिवाय अर्ज पुढं सरकत नाही. तिथं काय लिहिणार होतास? त्या सहा गुरुवारी बाजारात पानाला भाव होता. कुणी तरी सांगितला, कुणी तरी दिला. फक्त तो बघायला कुणी गेलं नव्हतं.

मी स्वतःलाही उलट विचारून पाहिलं. माझा पुरावा किती? रोजची सकाळची पंधरा मिनिटं, वहिनीची आठवण, पेन्सिलीचा एक शब्द. वर्गात एवढ्यावर मी कुणाला निष्कर्ष काढू दिला नसता. इथं काढते आहे, कारण त्या स्टुलावर बसायची पाळी निम्मी माझी होती. मी माझी पाळी घेतली असती तर तुझे तीन गुरुवार तरी खरे झाले असते. हे मी तुला कधी म्हणाले नाही. तूही कधी म्हणाला नाहीस.

त्याच कॉलेजानं पुन्हा बोलावलंय, अण्णा. मी जाणार आहे. पेटा नको असं आधीच कळवलंय. ते म्हणाले, मग शाल. पडद्यावर दोन ओळी दाखवीन. आधी सरळ, मग शहाणी. कुठल्या ओळीवर विश्वास ठेवाल असं मुलांना विचारीन, आणि ती चुकली की त्यांना हसणार नाही. मग माझं मागचं वाक्य मागं घेईन, त्याच माईकवर, साहेब कोण होते ते सांगून. दुसरी ओळ लपवू का, असं दोन दिवस मनात होतं. पण पिशवी तू दाराशेजारी काढून ठेवली होतीस.

तक्त्याखाली स्रोत लिहावा लागतो. संकेतस्थळाचं नाव तर लिहीनच, पण त्याखाली आणखी एक ओळ घालीन. शिलाईला: देवराज मोहल्ला, शिंप्याच्या दुकानाचा उंबरा. पानाला: दवाखाना, आईच्या खाटेशेजारचं स्टूल. आणि दोन्हींच्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं, मी पाहिल्याची तारीख.

तुझी,
इंदू